चंद्राचा हिशेब ठेवणारा गणिती : सायमन न्यूकम

गेल्या संकष्टीच्या रात्री आम्ही काही मंडळी अंगणात चंद्रोदयाची वाट पाहत बसलो होतो. नैवेद्याचे ताट झाकून ठेवले होते आणि घड्याळाकडे सगळ्यांच्या नजरा लागल्या होत्या. तेवढ्यात एका शाळकरी मुलाने विचारले की चंद्रावर कोणी अणुबॉम्ब फोडला तर काय होईल? चंद्र फुटेल का? जागचा हलेल का? आणि मग आजीने उपास सोडायचा केव्हा? मोठी माणसे हसली, पण नीट उत्तर एकालाही देता आले नाही. आम्हीही गप्पच बसलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर शोधायला निघालो आणि एका अशा माणसापाशी पोहोचलो, की जो पहिला अणुबॉम्ब फुटण्याच्या छत्तीस वर्षे आधीच निवर्तला होता. पण चंद्र जागचा किती हलतो, ग्रह फुटतो की नाही, चंद्रावर हवा आहे की नाही, या तिन्ही प्रश्नांत त्याने आयुष्याची पन्नास वर्षे घातली. सायमन न्यूकम हे त्यांचे नाव. कॅनडाच्या मातीत जन्मलेला हा मुलगा पुढे साऱ्या जगाच्या पंचांगांचा पाया घालणारा ठरला.

सायमन यांचा जन्म १२ मार्च १८३५ रोजी नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या वॉलेस या लहानशा गावी झाला. समुद्रकाठचे गाव, दगडाच्या खाणी आणि लांबलचक हिवाळा. साधारण त्याच काळात आपले पूर्वज रत्नागिरी-सावंतवाडीकडून जहाजाने या बेटावर उसाच्या मळ्यांत येऊ लागले होते. सायमनचे वडील जॉन न्यूकम हे गावोगाव फिरणारे शाळामास्तर. एका गावी वर्ष काढायचे, दुसऱ्या गावी दोन, बिऱ्हाड पाठीवर. त्यामुळे मुलाचे शालेय शिक्षण असे फारसे झालेच नाही. मात्र हिशेबाची त्याला जात्याच ओढ होती. सहा-साडेसहा वर्षांचा असताना तो घनमूळ काढीत असे. घरात पुस्तके मोजकी होती. मिळेल ते वाचायचे आणि पुन्हा पुन्हा वाचायचे, एवढेच हातात होते.

सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या फोशे नावाच्या एका डॉक्टराकडे ठेवले. करार असा, की एकवीस वर्षांचा होईपर्यंत मुलाने त्यांच्या घरी राबायचे आणि डॉक्टरांनी त्याला वैद्यक शिकवायचे. पाच वर्षांचा करार! आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना या पाच वर्षांचा अर्थ सांगायला नको. गिरमिटाची मुदतही तेवढीच असे. मुलाने लाकडे फोडली, गुरे सांभाळली, मुळ्या-पाले कुटून काढे उकळले. हळूहळू त्याच्या लक्षात आले की डॉक्टरांपाशी शिकवण्यासारखी विद्याच नाही. सगळा मामला झाडपाल्याचा आणि बोलघेवडेपणाचा.

दोन वर्षे त्याने हे सोसले. मग सप्टेंबर १८५३ मध्ये एक चिठ्ठी लिहून ठेवली आणि घर सोडले. पकडले जाऊ या भीतीने आडवाटेने चालत, सुमारे १९० किलोमीटर पायी तुडवून तो अमेरिकेच्या हद्दीत मेन राज्यातल्या कॅलेस गावी पोहोचला. तिथे एका जहाजाच्या कप्तानाने भाड्याच्या बदली काम करण्याच्या बोलीवर त्याला सेलम बंदरापर्यंत नेले. कराराला जागणे हे कर्तव्य, असे शिकवत आम्ही वाढलो. तरी या मुलाला दोष द्यायला आमची जीभ वळत नाही.

पुढे वडील येऊन मिळाले. मेरीलँड राज्यातल्या खेड्यांतून सायमन शाळा शिकवू लागले आणि सुट्टीत वॉशिंग्टनला जाऊन मोठमोठे गणितग्रंथ आणून वाचू लागले. तेथील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख जोसेफ हेन्री यांनी या तरुणाला ओळखले आणि मार्ग दाखवला. १८५७ च्या आरंभी केंब्रिज येथील नाविक पंचांगाच्या कचेरीत त्यांना गणकाची नोकरी लागली. पगार महिना तीस डॉलर. कामाचे तास शिथिल, हिशेब पुरा झाला म्हणजे झाले. उरलेल्या वेळात त्यांनी हार्वर्डच्या शास्त्रशाळेतून १८५८ मध्ये पदवी मिळवली.

आता मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू, चंद्र फुटेल का? गंमत अशी, की न्यूकम यांचे नाव झाले ते अशाच एका प्रश्नावर. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लहान लहान ग्रहांचा एक थवा फिरतो. तेथे पूर्वी एक मोठा ग्रह होता आणि तो कधीतरी स्फोट होऊन फुटला, असे जर्मन ज्योतिषी ऑल्बर्स यांनी सुचवले होते. कल्पना लोकांना फार आवडली होती. न्यूकम म्हणाले की तुकडे जर एकाच ठिकाणाहून उडाले असतील, तर त्यांचे मार्ग मागे मागे मोजत गेल्यावर कधीतरी एका जागी भेटले पाहिजेत. त्यांनी हिशेब मांडला. मार्ग कुठेच एकत्र येत नव्हते. १८६० मध्ये त्यांनी हे जाहीर केले तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते.

त्याच वर्षी ते पुन्हा कॅनडात गेले. १८ जुलै १८६० चे खग्रास सूर्यग्रहण सस्कॅचवान नदीच्या मुलखातून दिसणार होते. आगगाडी नाही, रस्ता नाही. विनिपेग सरोवरापुढे वाटाड्यांनी वल्हवलेल्या होड्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास, वर पाऊस आणि डासांचा उच्छाद. एवढे करून ग्रहणाच्या घटकेला आकाश ढगांनी भरून आले. अंधार पडला तेवढा दिसला, सूर्य काही दिसला नाही. तीच मंडळी मग आल्या वाटेने परत फिरली.

१८६१ पासून न्यूकम वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १८६४ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक बनले. तेथेच चंद्र त्यांच्या मागे लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

पंचांग पाहणाऱ्यांना अंश, कला, विकला ठाऊक असतात. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरावर एक विकला म्हणजे जेमतेम दोन किलोमीटर. त्या काळी हान्सेन या जर्मन गणितज्ञाची चंद्रकोष्टके जगभर प्रमाण मानली जात. १७५० ते १८५० या शंभर वर्षांच्या वेधांशी ती चपखल जुळत. पुढे मात्र चंद्र या कोष्टकांपासून हळूहळू सरकू लागला. सरकणे थोड्या विकलांचेच. दहा विकलांची चूक झाली तर तिथी संपण्याच्या वेळेत सुमारे वीस सेकंदांचा फरक पडेल, इतकेच. आपल्या आजीच्या उपासाला त्याने काही बिघडत नाही. पण भर समुद्रातला कप्तान चंद्रावरून रेखांश काढी, आणि गणिती माणसाला तर वीस सेकंदांतही झोप येत नाही. कोकणात जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे हेही तसेच. त्यांनी १८६० मध्ये युरोपीय गणितावरून ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत आणली, ती पंचांगातली तिथी आणि आकाशातला चंद्र यांची फारकत सोसवेना म्हणूनच.

१७५० पूर्वी चंद्र कुठे होता हे कळले तर कोडे सुटेल, असे न्यूकम यांना वाटले. पण जुने वेध आणायचे कुठून? १८७१ च्या मार्चमध्ये ते पत्नीसह पॅरिसला गेले. तेव्हा फ्रान्स जर्मनांकडून हरला होता आणि पॅरिस शहर कम्यूनच्या बंडखोरांच्या ताब्यात होते. रस्त्यांवर अडसर रचलेले, तोफांचे आवाज कानावर येत होते. अशा धामधुमीत हा माणूस वेधशाळेत बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या वह्या चाळत होता! तेथील संचालक दलोने हे स्वतः चंद्राचे मोठे अभ्यासक, त्यांनी सारे दप्तर उघडून दिले. त्यात न्यूकम यांना घबाड सापडले. सतराव्या शतकातल्या फ्रेंच ज्योतिष्यांनी, चंद्र एखाद्या ताऱ्यावरून सरकताना तारा कोणत्या क्षणी झाकला गेला, ते लिहून ठेवले होते. ज्यांनी लिहिले त्यांना त्याचा पुढचा उपयोग माहीत नव्हता. न्यूकम यांनी तेवढ्यावरून चंद्राचा भरवशाचा इतिहास पाऊणशे वर्षांनी मागे नेला.

तारा चंद्राआड जातो तेव्हा मंद होत होत जात नाही, दिवा फुंकावा तसा एकदम विझतो. चंद्राभोवती हवेचे आवरण असते तर असे झाले नसते. हान्सेन यांनी असा तर्क केला होता, की चंद्राचे वजन आपल्याला न दिसणाऱ्या बाजूकडे कलले आहे. त्यावरून पलीकडे हवा असेल, कदाचित वस्तीही असेल, अशा कल्पना निघाल्या. न्यूकम यांनी १८६८ मध्ये त्या तर्काचा पायाच खोटा असल्याचे दाखवून दिले. पुष्कळांचा हिरमोड झाला म्हणतात.

हे सारे डोक्यात ठेवून आता बॉम्बची गोष्ट ऐका. रशियाने १९५७ मध्ये पहिला उपग्रह सोडला आणि अमेरिकेचे धाबे दणाणले. १९५८ मध्ये तिच्या हवाई दलाने शिकागो येथील आर्मर संशोधन संस्थेला गुप्तपणे विचारले, की चंद्रावर अणुस्फोट केला तर काय दिसेल? लेनर्ड रायफेल हे त्या कामाचे प्रमुख. पुढे नावारूपाला आलेले कार्ल सेगन तेव्हा विशीतले होते, धुळीचा लोट किती पसरेल याचे गणित त्यांच्याकडे होते. हेतू शास्त्राचा थोडा आणि जगाला वचक बसवण्याचा अधिक. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेजवळ स्फोट करायचा, म्हणजे उडालेली धूळ उन्हात चमकेल आणि पृथ्वीवरून दिसेल, असा बेत होता. विचारात होता तो बॉम्ब १.७ किलोटनांचा, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या सुमारे नवव्या हिश्शाचा. १९५९ च्या जानेवारीत ही योजना गुंडाळण्यात आली. लोकांना तिचा पत्ता लागला तो चाळीस वर्षांनी, आणि २००० मध्ये रायफेल यांनी स्वतःच ती उघड केली.

स्फोट झालाच असता तर? सर्वप्रथम, छत्रीसारखा तो प्रसिद्ध ढग उठलाच नसता. तो ढग हवेमुळे बनतो आणि चंद्रावर हवा नाही, हे न्यूकम यांचे विझणारे तारे आधीच सांगून चुकले होते. आवाज नाही, हवेचा तडाखा नाही. एक लख्ख चमक दिसून विझली असती. धूळ आणि दगड फेकलेल्या चेंडूसारखे कमान करून दूरवर पडले असते. जे सेकंदाला २.४ किलोमीटरहून वेगाने उडाले ते परत आले नसते. जमीन मात्र बराच वेळ थरथरली असती. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ च्या अग्निबाणाचा रिकामा भाग चंद्रावर मुद्दाम आदळवला, तेव्हा ठोस्याचा जोर फक्त अकरा-बारा टन स्फोटकांइतका होता. तरी तेथे ठेवलेले कंपमापक यंत्र तीन तासांहून अधिक हलत राहिले. कोरड्या, भेगाळ खडकात कंप लवकर विरत नाहीत. एवढ्या अंतरावरून किरणोत्साराचा त्रास आपल्याला पोहोचला नसता आणि आपल्या लगूनमधली भरती-ओहोटीही चुकली नसती.

बॉम्ब लहान होता म्हणून असे, असे कोणी म्हणेल. तर मग सर्वांत मोठा घ्या. रशियाने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी फोडलेला बॉम्ब ५० मेगाटनांचा होता. चंद्राचे तुकडे करून ते कायमचे विखरायचे तर असले सुमारे ६०,००० कोटी बॉम्ब लागतील. म्हणजे फुटण्याचा प्रश्न मिटला. हलण्याचे काय? आम्ही हिशेब मांडताना सारे माप बॉम्बच्या पारड्यात टाकले, त्याची सगळी शक्ती दगड उडवून चंद्राला ढकलण्यातच खर्च झाली असे धरले. तरीही चंद्राच्या वेगात फरक पडतो तो सेकंदाला एका मिलिमीटरच्या दोन-तीन दशलक्षांश भागाइतका. शंभर वर्षांनी चंद्र आपल्या ठरल्या जागेपासून फार तर वीस-पंचवीस मीटर पुढे-मागे असेल. न्यूकम ज्यासाठी पॅरिसला गेले त्या एका विकलेचा हा शंभरावा हिस्सासुद्धा जेमतेम होईल. त्यांच्या दुर्बिणीला तो दिसला नसता. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेसरचा झोत टाकून अंतर मोजणाऱ्यांना मात्र नक्की कळेल, कारण चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो हे त्यांनी मोजले आहे.

बॉम्बने हलणार नाही तो चंद्र न्यूकम यांच्या वह्यांत मात्र विकलांनी सरकत होता. ते का? त्यांनी सूर्य, ग्रह, पृथ्वी यांच्या सर्व ओढी तपासल्या, कशानेच तो फरक भरून निघेना. १८७८ मध्ये त्यांनी एक धाडसी शंका मांडली. चंद्र बरोबर असेल आणि घड्याळच चुकत असेल! घड्याळ म्हणजे आपली पृथ्वी. ती एकसारखी फिरत नसून कधी किंचित जलद, कधी किंचित मंद फिरत असेल. बुधाच्या अधिक्रमणांवरून त्यांनी पडताळा पाहिला, पण पुरावा पुरेसा मिळाला नाही आणि त्यांनी तो ओढूनताणून मिळवलाही नाही. तीस वर्षे ती शंका त्यांनी तशीच उघडी ठेवली. १९३९ मध्ये इंग्लंडचे स्पेन्सर जोन्स यांनी ती खरी असल्याचे सिद्ध केले.

१८७४ सालचे शुक्राचे अधिक्रमण आपल्या बेटाच्या इतिहासातही आहे. ते पाहण्यासाठी लॉर्ड लिंडसे यांची तुकडी मॉरिशसला बेलमाँ येथे उतरली होती आणि तिच्यात डेव्हिड गिल हे ज्योतिषी होते. अमेरिकेच्या तुकड्या धाडण्याची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाचे चिटणीस न्यूकम होते. पुढच्या, १८८२ च्या अधिक्रमणाला ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत वेलिंग्टन येथे गेले. तेव्हा गिल केपच्या वेधशाळेचे प्रमुख होते आणि दोघांचा स्नेह जडला.

१८७७ मध्ये न्यूकम नाविक पंचांगाचे प्रमुख झाले आणि सूर्य व ग्रहांची सारी गणिते त्यांनी मुळापासून नव्याने करवून घेतली. १८९६ च्या पॅरिस परिषदेत त्यांचे मूळांक जगाने स्वीकारले. ते १९८० च्या दशकापर्यंत चालले. इतकेच नव्हे, १९६० मध्ये सेकंदाची व्याख्या त्यांच्या सूर्यकोष्टकांवरून ठरली आणि १९६७ मध्ये अणूच्या कंपनावरून सेकंद मोजायचे ठरले, तेव्हा माप त्याच सेकंदाशी जुळवून घेतले. घड्याळजी चंद्रावर रागावलेला असूनही घड्याळ नीट लावून गेला, असे आम्हाला वाटते.

त्यांचे सगळेच अंदाज खरे ठरले असे नाही. हवेपेक्षा जड यंत्राने माणसाला उडता येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि १९०३ मध्ये तसे लिहिल्यावर दोनच महिन्यांत राइट बंधू उडाले. हाताखालच्यांशी ते कडक वागत, चूक सहन करीत नसत. उलट, लॉगॅरिथमच्या पुस्तकाची पहिली पाने शेवटच्या पानांपेक्षा अधिक मळलेली का असतात, असा पोरकट वाटणारा प्रश्न त्यांनी १८८१ मध्ये विचारला. त्यातून निघालेला नियम आज खोटे हिशेब पकडण्यासाठी वापरतात. १९०० मध्ये त्यांनी एक कादंबरीही लिहिली. तिच्यात एका प्राध्यापकाला नवी अचाट शक्ती सापडते आणि तिच्या जोरावर तो सर्व राष्ट्रांना लढाई सोडायला लावतो. नवी शक्ती हाती आल्यावर राष्ट्रांनी प्रत्यक्षात काय केले, ते न्यूकम यांना पाहावे लागले नाही. चंद्र शांततेच्या कामासाठीच वापरावा आणि तेथे शस्त्रांची चाचणी करू नये, असा करार १९६७ मध्ये झाला, तोही आधी बरीच भीती खाऊन.

१८९७ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी चंद्राचे अर्धवट राहिलेले काम पुन्हा काढले. १९०८ च्या अखेरीस त्यांना कर्करोग झाल्याचे कळले. किती दिवस उरले याचाही त्यांनी हिशेब मांडला आणि बाकी सारी कामे बाजूला सारली. बसवेना तेव्हा पडल्या पडल्या मदतनिसांना तोंडी मजकूर सांगत राहिले. वेदना वाढत गेल्या, तशी पानेही वाढत गेली. १९०९ च्या जूनमध्ये चंद्राच्या गतीवरचा तो ग्रंथ पुरा झाला. ११ जुलै १९०९ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, वॉशिंग्टन येथे ते वारले. करार मोडून पळालेल्या त्या मुलाला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी मानाने निरोप दिला गेला आणि अध्यक्ष टाफ्ट स्वतः हजर होते. ग्रंथ १९१२ मध्ये छापून निघाला.

कॅनडाने त्यांची गणना आपल्या राष्ट्रीय ऐतिहासिक व्यक्तींत केली आहे. चंद्रावर, प्रशांतीचा समुद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काळसर डागाच्या पूर्वेला, डोंगराळ भागात सुमारे ४० किलोमीटर रुंदीचे एक विवर आहे, त्याला न्यूकम यांचे नाव दिलेले आहे. अमेरिकेने १९६२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात १०४ किलोटनांचा बॉम्ब जमिनीत पुरून उडवला, तेव्हा पडलेला खड्डा ३९० मीटर रुंद होता. त्या मुलाला आम्ही हे दोन्ही आकडे सांगितले. आजीने विचारले ते एवढेच, की पुढच्या संकष्टीला चंद्रोदय किती वाजता आहे.